एका ‘किंवा’ची किंमत



नैराश्य मोजण्यासाठी आज जगभर नऊ प्रश्नांचा एक कागद वापरला जातो. ‘पीएचक्यू-९’ हे त्याचे नाव. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंकी यांनी तो घडवला, आणि २००१ मध्ये त्याची पडताळणी प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला हे ० ते ३ अशा गुणांत सांगायचे, बेरीज करायची आणि २७ पैकी किती झाले ते पाहायचे. कागद साधा आहे, फुकट आहे, आणि त्याने पुष्कळ भले केले आहे. त्यातला पाचवा प्रश्न भुकेचा आहे: भूक कमी लागणे किंवा जास्त खाणे. जिच्या घशाखाली घास उतरत नाही अशी बाई आणि मध्यरात्री उठून फराळाचे डबे धुंडाळणारा पुरुष, दोघांनाही या ओळीपुढे सारखेच ३ गुण मिळतात. बेरजेत दोघे एकाच आजाराचे, एकाच तीव्रतेचे रुग्ण ठरतात. आज मला जे मांडायचे आहे ते या ‘किंवा’भोवतीच फिरणार आहे. भुकेची दिशा हे नैराश्याचे किरकोळ लक्षण नाही. शरीर कोणत्या अवस्थेत आहे याची ती बाहेरून दिसणारी खूण आहे, आणि उपचार ठरवताना ती मागच्या बाकावर बसवल्यामुळे आपण रुग्णांचे नुकसान करत आलो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या बोलीने ही सरमिसळ कधी केली नाही. एकाची ‘भूक मेली’, त्याला ‘अन्न गोड लागत नाही’. दुसऱ्याला ‘खा खा सुटली’, त्याची ‘वखवख’ शमत नाही. या दोन अवस्थांसाठी एकच शब्द मराठीत नाही. मात्र यावरून आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असा निष्कर्ष कृपया काढू नका. भाषेने फरक टिपला, कारण सांगितले नाही. कारण शोधायला उंदीर लागले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी जन्मजात अतिलठ्ठ उंदरांचे रक्ताभिसरण दुसऱ्या उंदरांशी शस्त्रक्रियेने जोडून पाहिले. एका जातीचा लठ्ठ उंदीर असा जोडताच खाणे कमी करू लागला. रक्तातून काहीतरी येत होते आणि ‘पुरे’ म्हणत होते. ते ‘काहीतरी’ हाती यायला १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले, आणि चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या त्या संप्रेरकाला, म्हणजे हार्मोनला, पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांना जठरातून येणारा उलट निरोप सापडला. तो घ्रेलिन. पोट रिकामे झाले की तो वाढतो आणि मेंदूला ‘खा’ म्हणतो. तोवर चरबीला आपण साठवणीचे कोठार समजत होतो आणि जठराला दळणाचे जाते. दोन्ही मेंदूशी सतत बोलतात, हे तेव्हा कळले.

खरा पेच पुढे आहे. २००६ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या संशोधकांनी दाखवले की दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत लेप्टिन घटते, आणि ते टोचून दिले की त्यांची नैराश्यासारखी वागणूक सुधारते. म्हणजे पोट भरल्याचा निरोप मनाला उभारी देतो. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच राज्यातल्या डॅलसमधून मायकेल लटर आणि जेफ्री झिगमन यांच्या गटाचे काम आले. दांडग्या उंदराकडून रोज मार खाणाऱ्या उंदरांत घ्रेलिन वाढते, आणि ज्या उंदरांना घ्रेलिनचा निरोप घेताच येत नाही ते माराने अधिक खचतात, अधिक एकलकोंडे होतात. म्हणजे भुकेचा निरोपही मनाला सावरून धरतो! एक म्हणतो ‘पुरे’, दुसरा म्हणतो ‘आण’, आणि दोघेही नैराश्यावर उतारा. यातले एक खोटे असावे असे प्रथम वाटते. तसे मानायचे कारण नाही. संप्रेरक म्हणजे शक्तिवर्धक गोळी नव्हे, तो निरोप असतो. निरोपाचा अर्थ ऐकणारा कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतो. ज्याच्याकडे लेप्टिन संपले आहे त्याला लेप्टिनने आधार मिळेल. ज्याच्या अंगात ते उदंड आहे पण मेंदूने कान बंद केले आहेत, त्याला आणखी दिल्याने काही होणार नाही. लठ्ठपणावर लेप्टिनची इंजेक्शने सरसकट फसली ती याच कारणाने. उलट ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराच्या रुग्णांत लेप्टिन तळाला गेलेले असते. २०२० मध्ये अशा तीन रुग्णांना कृत्रिम लेप्टिन दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची मनःस्थिती सुधारल्याची नोंद आहे. तीनच रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही. पुरावा म्हणून तो दुबळाच. पण दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. उंदराला नैराश्य येते हे कोणी ठरवले? पाण्यात सोडलेला उंदीर हातपाय मारायचा थांबला की त्याला निराश म्हणायचे, ही मोजणी ठिसूळ आहे. भुकेला उंदीर जास्त धडपडतो ती कदाचित अन्नाच्या शोधात असेल, त्यात मनाची उभारी कुठली? हे मी मान्य करतो. माणसांत घ्रेलिन थेट देऊन नैराश्य हटवण्याचा म्युनिकमधला छोटा प्रयत्नही ठोस यश देऊ शकला नाही. म्हणून मी उंदरांवर इमारत रचत नाही. माणसांकडे वळतो.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाला नैतिक विरोध म्हणून शस्त्र न धरणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. युद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसे घालावे हे शिकणे हा हेतू होता. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पण प्रयोगाची जी गोष्ट विसरता येत नाही ती मनाची आहे. हे धडधाकट, निवडून घेतलेले, मनाने खंबीर ठरलेले लोक चिडचिडे, उदास, माणूसघाणे झाले. पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. एकाने कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची बोटे तोडून घेतली. त्यांच्या घरी काही बिघडले नव्हते, कोणी मेले नव्हते. फक्त ताट अर्धे झाले होते. आपल्याकडे उपवासाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या जनतेला त्यातली मेख ठाऊक आहे. पण ठरवून केलेला एका दिवसाचा उपवास आणि महिनोन्‌महिने अर्धे पोट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

चिंतेच्या बाबतीत तर पुरावा अधिकच नाट्यमय आहे. जेवणानंतर आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते खाणे आवरते घ्यायला सांगते. १९८९ च्या सुमारास माँट्रियलमधल्या डॉक्टरांनी त्याचा चार कड्यांचा एक बारीकसा तुकडा शिरेतून दिला, तेव्हा काही क्षणांत छातीत धडधड, श्वास कोंडणे, आता मरतो असे वाटणे, असा पॅनिकचा पुरा झटका आला आणि थोड्या वेळात ओसरला. मग साहजिकच औषध कंपन्यांना वाटले की हे संप्रेरक जिथे जोडले जाते ते दार बंद केले की पॅनिक संपेल. तशा औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्या फसल्या. आग लावता आली म्हणून विझवताही येईल असे नसते. ओरेक्सिनचीही कथा अशीच वळणे घेते. १९९८ मध्ये ते सापडले तेव्हा ग्रीक भाषेतल्या भुकेच्या शब्दावरून त्याचे बारसे झाले; नंतर कळले की त्याचे मुख्य काम जागे ठेवणे. २०१० मध्ये अनंत शेखर यांच्या गटाने पॅनिकच्या रुग्णांच्या मेरुद्रवात ते वाढलेले दाखवले, आणि आज त्याला रोखणाऱ्या गोळ्या झोपेसाठी दिल्या जातात. भूक, जाग आणि भीती यांची दारे मेंदूत एकाच बोळात उघडतात, असे म्हणायला हरकत नाही.

आता उपचारांच्या इतिहासाकडे. नैराश्यावरचे पहिले आधुनिक औषध भुकेच्या वाटेनेच आले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड वापरले गेले. मरणपंथाला लागलेले लोक खाऊ लागले, त्यांची वजने वाढली, आणि वॉर्डात हसू-खिदळू लागले. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी तेच औषध नैराश्यावर वापरून दाखवले. १९५९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले वेस्ट आणि डॅली यांनी पुढचे निरीक्षण नोंदवले: या औषधाचा गुण ज्यांना उत्तम येतो ते रुग्ण ठरावीक साच्यातले नसतात. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने या ‘निराळ्या’ नैराश्याची व्याख्या बांधली. चांगल्या बातमीने क्षणभर खुलणारे, जास्त झोपणारे, जास्त खाणारे, हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटणारे हे रुग्ण. १९८८ च्या त्यांच्या चाचणीत फेनेल्झिन या इप्रोनियाझिडच्या भाऊबंदाने ७१ टक्के रुग्ण सुधारले, त्या काळच्या नेहमीच्या इमिप्रामिनने ५० टक्के, तर निव्वळ साखरेच्या गोळीने २८ टक्के. सगळे नैराश्य एकाच टोपलीत टाकले असते तर हा फरक दिसलाच नसता. फेनेल्झिन घेताना मुरवलेल्या चीजसारखे पदार्थ खाल्ले तर रक्तदाब धोकादायकरीत्या चढतो. त्यामुळे सुरक्षित गोळ्या आल्यावर ते औषध मागे पडले आणि त्याच्याबरोबर तो भेदही मागे पडला. औषध गेले हे समजू शकते. भेद जायचे कारण नव्हते.

तो भेद गेल्या दशकात रक्ताच्या नमुन्यांतून परत आला आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा येथे काइल सिमन्स यांच्या गटाने नैराश्याचे रुग्ण भुकेच्या दिशेने वेगळे केले. भूक मेलेल्यांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढलेले, तर खा खा सुटलेल्यांत लेप्टिन आणि इन्सुलिन वाढलेले, शरीरात मंद दाह धुमसत असलेला. खाण्याची चित्रे दाखवली तेव्हा पहिल्या गटात शरीराची आतली खबर घेणारा मेंदूचा भाग मंदावला, दुसऱ्यात हव्यासाचे भाग उजळले. बेरजेत सारखे ठरणारे हे लोक आतून दोन वेगळ्या ऋतूंत राहत होते. दाहाची गोष्ट ॲटलांटातल्या २०१३ च्या एका चाचणीने अधिक स्पष्ट केली. औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह शमवणारे औषध वापरले. सगळ्यांची सरासरी काढली तर औषध आणि खारे पाणी यांत फरक नाही. पण ज्यांच्या रक्तात दाहाची खूण मुळातच जास्त होती त्यांना गुण आल्याचे दिसले. सरासरीने इथे औषध झाकले होते, जसा ‘किंवा’ रुग्ण झाकतो.

यावर दुसरा आक्षेप असा, की हे सगळे उलटे वाचले आहे. माणूस आधी उदास होतो, मग जास्त खातो, मग वजन वाढते, मग लेप्टिन वाढते. संप्रेरक ही शेपूट आहे, तिला तुम्ही घोडा म्हणता. अंशतः खरे आहे. लठ्ठपणाने पुढे नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्क्यांनी वाढतो आणि नैराश्याने पुढे लठ्ठपणा येण्याचा ५८ टक्क्यांनी, असे २०१० मध्ये अनेक दीर्घ अभ्यास एकत्र करून दिसले. रस्ता दुहेरी आहे. पण नेदरलँड्समधल्या यूरी मिलानेस्की आणि ब्रेंडा पेनिंक्स यांच्या गटाने २०१७ मध्ये जनुकांकडे पाहिले. ज्यांचे नैराश्य वाढत्या भुकेचे आहे त्यांचा जनुकीय कल वजनाकडे, लेप्टिनकडे आणि दाहाच्या खुणेकडे झुकणारा निघाला. घटत्या भुकेच्या रुग्णांत तो तसा नव्हता. जनुके आजारानंतर येत नाहीत. तेवढ्यापुरता तरी घोडा पुढे आणि शेपूट मागेच आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: इतकेच असेल तर भूक मारणारे औषध द्या आणि मोकळे व्हा. हा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. भुकेच्या वाटेवरचे एक दार बंद करणारे रिमोनाबॅन्ट २००६ मध्ये युरोपात वजन घटवण्यासाठी आले. वजन घटले. पण २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार चाचण्यांतील ४,१०५ लोकांची माहिती एकत्र मांडली गेली, तेव्हा नैराश्यामुळे औषध सोडणारे अडीच पट आणि चिंतेमुळे सोडणारे तिप्पट निघाले, आणि तेही चाचण्यांतून नैराश्याचे रुग्ण आधीच वगळलेले असताना. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने नकार दिला, ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपने विक्री थांबवली, आणि भारतातही त्यावर बंदी आली. ज्या दारातून जेवणाची ओढ येते त्याच दारातून गाण्याची, माणसांची, उद्याची ओढही येते. ते बंद केले की सगळेच बेचव होते.

सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधे त्या दाराला हात लावत नाहीत. जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाची ती नक्कल आहेत, आणि २०२१ च्या गाजलेल्या चाचणीत त्यांनी ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरवले. आइसलँडमधून आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी आल्यावर युरोपच्या औषध नियामकाने चौकशी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये कार्यकारण संबंध दिसत नसल्याचे सांगितले. दिलासा आहे, पण इथेही त्या चाचण्यांत गंभीर मनोविकाराचे लोक घेतलेले नव्हते. आणि मनाची मोजणी कशाने केली? आपल्या त्याच नऊ प्रश्नांच्या कागदाने. गंमत पाहा: आधी जास्त खाण्याबद्दल ज्याला ३ गुण होते, त्याची भूक औषधाने पार मेली तर त्याला पुन्हा ३ च गुण. मिर्टाझापिन हे भूक वाढवणारे नैराश्याचे औषध घेतलेल्या रुग्णाचे उलट तेच. उपाशी होता, आता अनावर खातो, आणि कागद म्हणतो, काही बदल नाही. म्हणून सेमाग्लुटाइडसारख्या औषधांना नैराश्याचे औषध म्हणायची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन घटवण्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया हा त्याहून ठळक इशारा. कॅनडातल्या ओंटारिओत अशा ८,८१५ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा स्वतःला इजा करून तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाले होते. वजन उतरले म्हणून मन हलके झाले असे गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी भरतात, पण चरबी राखून असतात, आणि वजनाच्या मानाने त्यांच्या नाळेच्या रक्तात लेप्टिनही अधिक असते. ‘कृश पण मेदयुक्त’ हा आपला साचा. त्यामुळे वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला रुग्ण संप्रेरकांच्या हिशेबात भरलेला असू शकतो, आणि त्याला भूक व वजन वाढवणारी गोळी बिनघोर लिहून दिली जाते. हेच पुढे मधुमेहाच्या दारात नेते. मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन यांनी भूक वाढते; फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला घटते, आणि ते तर अनावर खाऊन ओकण्याच्या आजारावर अमेरिकेत मान्य आहे. औषधाची भुकेवरची दिशा आपल्याला पाठ आहे. रुग्णाच्या भुकेची दिशा मात्र आपण नोंदवत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माणसाचे दुःख संप्रेरकांत विरघळवू नका. ज्या घरात धान्यच नाही तिथे भुकेचे कारण घ्रेलिनमध्ये शोधणे हा क्रूर विनोद आहे, आणि तिथला इलाज रेशनचा आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर दाखवून दिले, की डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या काही भेटींनी, माणसाला पुन्हा छोट्या कामांत गुंतवण्याने, ६४ टक्के रुग्ण आजाराच्या रेषेखाली आले, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. हे काम संप्रेरकांच्या कोणत्याही शोधाइतके मोठे आहे, आणि त्याची मोजणीही याच कागदाने झाली. माझ्या मांडणीचा त्याला विरोध नाही. ‘कामाला लागा’ हा सल्ला भूक मेलेल्या बाईसाठी दोन घास वेळेवर खाण्यापासून सुरू करावा लागेल, आणि रात्री खात सुटणाऱ्यासाठी त्या रात्रीच्या वेळेपासून. समुपदेशकालाही दिशा माहीत हवीच.

यासाठी रक्ततपासणी नको. लेप्टिन-घ्रेलिन मोजून एकाही रुग्णाचे औषध ठरवण्याइतके ज्ञान आज नाही, आणि तशी पॅकेजे कोणी विकायला आले तर त्यांना दारातूनच परत पाठवावे. प्रश्नावलीच्या गुणांनाही हात लावायला नको, नाहीतर तिची पडताळणी वाया जाईल. सभागृहात जे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक बसले आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे: पाचव्या ओळीचे गुण लिहून झाले की तिच्यासमोर समासात एक बाण काढा. भूक कमी असेल तर खाली, जास्त असेल तर वर. दर भेटीला काढा, आणि औषध लिहिण्याआधी त्या बाणाकडे एकदा पाहा.